खानावळीचं बिल

त्र्याण्णव साली, कर्वे रोडवरचा एक जिना चढून
मी खानावळीचं तीन महिन्यांचं बिल फेडलं.
झाकणाची बाटली, तिच्यावर आकडा: सत्तेचाळीस.
नाव कुठंच राहणार नाही, कंपाउंडर म्हणाला,
आणि वहीवर वही ठेवली.

ती वही आजतागायत कुणी उघडली नाही.
फोडलं ते थुंकीनं.
भाचीनं हौसेनं नळी भरून पाठवली,
आणि परवा कुणा कौमुदीचा निरोप:
आपण बहिणी लागतो बहुतेक.
मामे की मावस, ते यंत्राला कळत नाही.
मी वारज्यात राहते.

वारजे. माझ्याच बसचा शेवटचा थांबा.
आणि भाचीला मामा एकच.

वकील रानडुकरे म्हणाले, कायदा तुमच्या बाजूनं आहे,
गप्प बसा.
बसलो.
दुसऱ्या बाजूला कोण बसलंय
ते मात्र दिसेना.

तिनं नाव विचारलं नाही, पत्ता नाही.
एवढंच: तुमच्याकडे कुणाला
चाळिशीच्या आतच कमी ऐकू येऊ लागलं होतं का?

मी डाव्या कानातलं यंत्र काढून
टेबलावर ठेवलं.
भाची काहीतरी म्हणत होती.
ओठ हलताना दिसले.