कोपर

नळयोजनेच्या टाकीखालीच रेंज येते,
म्हणून युद्ध तिथंच.
चौघं एका पायरीवर, मांडीला मांडी,
चार मोबाईल, एकच बेट.

खुशाल पुलावर दबा धरून,
पंक्या कुणाच्या तरी घरात औषधं शोधत,
मी खिडकीशी वाकलो
आणि शैलूचं कोपर
माझ्या बरगडीला लागून हललं. जरासंच.
मग पाठीत गोळी.

पडद्यावर त्याचं नाव, माझं नाव,
मधे बंदूक.

"चुकून लागली बे,"
मान वर न करता तो म्हणाला.

मी तिकडे गुडघ्यांवर रांगतोय,
रक्त आकड्यांत गळतंय : ऐंशी, सत्तर.
उठवायला नुसतं जवळ बसावं लागतं.
तो दारात उभा. बंदूक खाली.

"उठव ना बे त्याले, काहून पाहून रायला?"
खुशाल पुलावरून ओरडला,
म्हणजे माझ्या डाव्या कानात.

राइस मिलकडून कोंड्याचा धूर येत होता.
पोलीस भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख
मला ठाऊक होती.
त्यानं विचारलं होतं, याच पायरीवर.
"वाढवली म्हणतेत," मी म्हणालो होतो.
सोळाशे मीटर तो माझ्याआधी
अकरा सेकंद पोचतो.

चाळीस. तीस.
माईक चालू होता, मी बोललो नाही.
डास मात्र दोघांनाही चावत होते.

बारा राहिले तेव्हा तो खाली बसला.
का, ते अजून विचारलेलं नाही.
कोपर तेवढं
त्यानं आपल्याकडे ओढून घेतलं.