नळस्टॉपवरची मोजणी

हेल्मेटच्या आत घालायची टोपी,
मांजरपाटाची, धुऊन पुन्हा वापरायची,
पहिली शिवली ती परकराच्या उरलेल्या नाडीचा काठ लावून.
भाऊजींनी उलटसुलट पाहिली.
छान आहे, म्हणाले. किती खपतील?

हा "किती" पिशवीत घालून मी निघाले.

शिवाजीनगरला उद्योग केंद्रात अर्ज मिळाला.
त्यात बोटभर रकाना : बाजारपेठेचा अंदाज.
लिहा काहीतरी, खिडकीतले साहेब म्हणाले,
सगळे लिहितात.

आरटीओत दुचाक्यांचा आकडा मिळाला,
इतका लांब, की मी आधी स्वल्पविराम मोजले.
पण गाडीला डोकं नसतं.

एका कंपनीकडे अहवाल तयार होता, दोनशे पानांचा,
किंमत माझ्या मशीनच्या तिप्पट.
नमुन्याची चार पानं फुकट.
एक कोरं, एकावर आभार,
उरलेल्या दोन्हींवर अनुक्रमणिका.

ग्रंथालयात धारपबाईंनी कपाट उघडलं.
जनगणनेचे खंड, लघुउद्योगांच्या पाहण्या,
कुणीतरी १९८८ साली घडी घातलेला एक कोपरा.
हे सगळं खरं आहे, त्या म्हणाल्या,
पण तुमच्या आधीचं आहे.
पुढचं तुम्हीच मोजा.
आणि पेन्सिल न्या, पेन उन्हात रुसतं.

नळस्टॉप. रसवंतीचा बाक. सकाळी नऊ ते अकरा.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी.
डोक्यावर : एकशे बारा.
आरशाला लटकवलेली : अठ्ठावन्न.
कोपरात अडकवलेली : तेहतीस
(कोपराला एवढं कसलं भय, देव जाणे).
पोलीस दिसताच कोपरातून डोक्यावर चढलेली : एकोणीस.
ती कुठे धरू?
पान आडवं करून नवा रकाना आखला,
वर लिहिलं : तेवढ्यापुरती.

एक काका गाडी बाजूला घेऊन थांबले.
कसली पाहणी? कुणातर्फे?
माझ्यातर्फे, म्हटलं.
मग मला धरू नका, म्हणाले,
आणि बोडक्याने निघून गेले.
मी त्यांना धरलं.

तिसऱ्या दिवशी बाकावर टेकला हर्षद सरवदे,
उदगीरचा, पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी.
हेल्मेट मांडीवर ठेवलं तर
आतला स्पंज कुजलेल्या बटाट्यासारखा.
दिवसाला तीस वेळा घालायचं, ताई, तीस वेळा काढायचं.
टोपी त्याने घातली, आरशात पाहिली, परत दिली.

एक नको. तीन लागतील.
एक डोक्यावर, एक दोरीवर, एक हरवायला.
आणि पांढरी नको, दोन दिवसांत लाज आणते.
आणि साठच्या वर गेलात तर आमची पोरं हात लावणार नाहीत.

जसंच्या तसं लिहून घेतलं.
रसाचे पैसे मी दिले.
माझ्या संशोधनाचा एवढाच खर्च, वीस रुपये,
आणि मानेवर उन्हाची एक रेघ.

त्या दोनशे पानांत
"हरवायला" हा शब्द असेल का?

अर्जात लिहिलं : सोबत वही जोडली आहे.
साहेब म्हणाले, वही जोडता येत नाही,
टाचणी जात नाही तिच्यातून.

भाऊजींना अजून उत्तर दिलेलं नाही.
रविवार पेठेत गडद निळ्याचा भाव विचारून आले,
दोन दुकानांत.
तिसरं आज बंद होतं.