मापवही

वही लांबट आहे, लाल खारव्यात बांधलेली.
बा पेन्सिलीला थुंकी लावून लिहायचा:
नाव, छाती, बाही, गळा, बाकी.

गावाचं नाव सांगत नाही.
मन्याडच्या काठी आहे एवढं पुरे,
तिथं अजून माणसं राहतात.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर तहसिलीतून खाकीचे तागे आले,
बैलगाडीत, ओल्या गोणपाटाखाली.
सोबत एक जमादार, घोषणा देऊन आवाज बसलेला.
म्हणाला, पंचवीस गडी, पंधरा दिवस,
मजुरी हाली शिक्क्यात.
अर्धी मिळाली.

पहिल्या पानावर शेख रुकनोद्दीन, छाती छत्तीस.
त्याखाली शिंदीच्या ठेक्यावरचा नूरखान,
छाती अडतीस, पोट त्याहून दोन इंच पुढं.
मग दोघे भाऊ, ज्यांना रियासत आझाद राहण्यापेक्षा
बूट हवे होते.
बूट आलेच नाहीत.

चौथ्या पानावर दावल पिंजाऱ्याचा जिलानी.
छाती अठ्ठावीस.
ओठावर लव नाही, केसांत कापूस.
टेप लावली तसा त्यानं श्वास कोंडून धरला.
“शिंपीमामू, ढीला रखो, मैं अभी बढरा हूँ.”
बानं शिलाईत दोन बोटं कपडा दाबून ठेवला.

बाजारच्या दिवशी ते रांगेत चालले.
निम्म्यांच्या खांद्यावर बंदूक, निम्म्यांच्या खांद्यावर भाला,
एकाच्या हातात नुसता कंदील, भर दुपारी.
आम्ही हसलो म्हणे.
नंतर लोक रातोरात पैनगंगेपलीकडं जाऊ लागले,
तेव्हा हसणं थांबलं.

पौषात नदीपलीकडचं गाव जळालं.
अकरा माणसं. त्यात माझी आत्या.
आठवड्यानं नूरखानचा शर्ट दुकानात आला,
उजवी बाही कोपरापर्यंत करपलेली.
बानं काही विचारलं नाही.
नवी बाही लावली, चार आणे लिहिले.
हेही वहीत आहे. मी खोडलेलं नाही.

भादव्यात आभाळात विमान आलं
आणि पाच दिवसांत राज्य संपलं.
गावात रेडिओ एकच होता,
तो जमादार घेऊन पळाला,
म्हणून आम्हाला विहिरींवरून कळलं:
पाण्यावर खाकी तरंगत होती,
नुसते सदरे, रिकामे.
रिकामे नसलेले पुढच्या आठवड्यात.

आपलीच माणसं आली.
काही ओळखीची, काही शेजारच्या तालुक्यातली.
“हरिबा, वही दे.”
यापुढचं आमच्या घरात दोन प्रकारे सांगतात.
आई म्हणायची, हिसकावून नेली.
बा काहीच म्हणायचा नाही.

आठ दिवसांनी ती ओट्यावर ठेवलेली सापडली.
नावांपुढं खुणा.
कपडा नेला की बासुद्धा अशीच खूण करायचा,
तशीच तिरपी, तसल्याच पेन्सिलीची.
मी भिंग लावून पाहिलं.
कळत नाही कुठली खूण सदरा नेल्याची
आणि कुठली माणूस नेल्याची.

दावल राहिला.
त्या हिवाळ्यात धनुकली घेऊन दारात आला, गादी पिंजायची का म्हणून.
बा म्हणाला, गादी नाही.
गादी होती.

मागच्या वर्षी नांदेडहून एक पोरगी आली,
प्रबंध लिहिणारी, हुशार.
संघटना कधी उभी राहिली, शिपाई किती,
हत्यारं कुठून, पैसा कुणाचा.
माहीत होतं तेवढं सांगितलं, तारखांसकट.
चहा पाजला.
वही दाखवली नाही.

ती गेल्यावर काढून बसलो.
जिलानीपुढं दोन खुणा आहेत,
की एकच, दोनदा गिरवलेली.
बाकी सहा आणे.
आणि कडेला, अगदी बारीक,
फक्त कात्रीला कळावं असं
बाचं अक्षर:
दोन बोटं सोडली.