मधला ग

पेनड्राइव्ह कोटाच्या आत ठेवला होता, छातीशी,
तान्ह्याच्या दुधाच्या बाटलीसारखा.
बाहेर उणे एकतीस.
दुंदगोवीच्या फेब्रुवारीत कुलूपसुद्धा बोटाची साल मागतं.

तालुक्याच्या कचेरीत गोवऱ्यांची शेगडी,
वर मीठ घातलेला चहा.
जावझमाबाईंनी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं
कणकेवरचं काढावं तसं, हलक्या हातानं,
आणि म्हणाल्या, शिकव याला आपली लिपी.

आपली.
मी सिरिलिकात वाढलो.
उभी मंगोल लिपी मला नोटेवर भेटते, बँकेच्या पाटीवर भेटते,
लांबच्या नातेवाइकासारखी. चेहरा ओळखीचा,
नाव आठवत नाही.
वाचता येत नाही, बसवता येते.
विहिरी खणणारे असतात ना, पाणी दुसऱ्याच गावचं पिणारे.

आधी नुसते चौकोन आले.
ओळीनं, रिकामे.
आमच्याकडे गेर उठला की मागं गोल उरतो,
पिवळ्या गवताचा;
चौकोन सोडून गेलं ते कोण, कळेना.

मग फॉन्ट टाकला.
बाई म्हणाल्या, घोडा लिही.
घोडा आला, पण कुशीवर पडलेला.
असा घोडा दिसला की आम्ही पशुवैद्याला फोन करतो.
बाईंनी काचेवर बोट टेकवलं:
हा कणा. हे दात. हे पोट. ही शेपूट.
एवढं सगळं दिलंय त्याला,
उभं राहायची सोय नाही होय तुझ्या यंत्रात?

मी मॉनिटरच फिरवला. खाली नमद्याची घडी.
घोडा उठला.
दुसरी ओळ लिहिली, तर ती पहिलीच्या डावीकडे जाऊन बसली,
थोरल्याच्या पाटावर धाकट्यानं बसावं तशी निगरगट्ट.
कोपऱ्यातलं घड्याळ आडवं झालं.
मान मोडून पाहिलं:
दहा चाळीस.

तेवढ्यात पुरेवसुरेन आला, मिशांना बर्फ.
नऊ दिवसांची मुलगी. दाखला हवा, दोन्ही लिप्यांत.
नाव? नामून.
म्हणजे शांत.
अजून तरी नाही, म्हणाला.

बाई एकेका कळीला विचारून टाइप करू लागल्या.
शेवटचं वळण चुकलं.
त्याला एक कळ आहे, मी सांगितलं,
ती स्वतः काहीच लिहीत नाही,
पण दाबली की शेजारचं अक्षर सावरून बसतं.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
अशी एक सासू होती मला, म्हणाल्या, आणि दाबली.

पुरेवसुरेन ओणवा होऊन दात मोजत होता,
मेंढरं मोजतात तसे, ओठ हलवत.
हा मधला कोण?
तो ग.
ग कुठाय नामूनमध्ये?
म्हणण्यात नाही. लिहिण्यात आहे. नामुगुन.
मग काढा की, तेवढंच काम कमी.

बाईंनी हात कळफलकावरून उचलला.
आठशे वर्षं लोकांनी गिळलाय तो, म्हणाल्या,
काढला कोणी नाही.

शेगडीत गोवरी खचली.
पुरेवसुरेननं नाव म्हणून पाहिलं, ग सकट, दबकत,
जणू आत कोणी झोपलेलं आहे.
मग हसला.
अशी हाक मारली तर शेळीसुद्धा वळायची नाही.
पण राहू दे.
असू दे तिला एक जास्तीचं,
कोणी न मागितलेलं.

छापलेला कागद आडवा बाहेर आला.
त्यानं तो न सांगता उभा केला,
कणा मोडणार नाही अशी घडी घातली
आणि कोटाच्या आत ठेवला,
सकाळी मी पेनड्राइव्ह ठेवला होता तिथंच.

मॉनिटर सरळ करून मी वायरी गुंडाळल्या.
मूठभर वाळलेला अरूल मिळाला वाटेसाठी,
दातांची परीक्षा घेणारा.
काम पूर्ण, असं लिहून बाईंनी पावती पुढं केली.
त्यांची सही वरून खाली उतरली.
माझी तिच्या पायाशी,
आडवी.