शिंकाळं

नान्नजच्या माळावर उंच झाड मिळत नाही.
रेवती गुंडेटी दोर घेऊन फिरत राहिली
दिवस बुडेपर्यंत.
हिवर खांद्याएवढा, बोर कमरेएवढी,
बाभळीला तर वाऱ्यानंच वाकवून ठेवलेलं.

मागचा उन्हाळा तिनं मेळघाटात काढला,
अस्वलांच्या मुलखात.
तिथून शिकून आली :
चूल एकीकडे, अंथरूण दुसरीकडे, अन्न तिसरीकडे,
मध्ये शंभर शंभर पावलं.
वारा आधी अंथरुणावरून जावा, मग चुलीवरून.
साबण, टूथपेस्ट, खोबरेल
हेही अन्नच समजायचं,
कारण नाक तसंच समजतं.

वनरक्षक हत्तुरे हसले.
"अस्वल? सोलापुरात ते दरवेशाबरोबर यायचं,
तेबी मी चड्डीत हुतो तवा."
मग तंबाखू मळता मळता,
"तरसानं मात्र गेल्या साली माझी चप्पल नेली. एकच.
दुसरी अजून ठेवलीय."

शेवटी खांब सापडला, लोखंडी,
अभयारण्याच्या पाटीचा.
पाटीवर माळढोक, मान ताठ, रंग उडालेला.
माळावर तो मला
बारा उन्हाळ्यांत एकदाही दिसलेला नाही.

डबा आम्ही चादरीत बांधला.
चादर माझ्या वडिलांच्या मागावरची,
एक काठ चुकलेली, म्हणून न विकलेली.
आत कडक भाकऱ्या, कांदे, गुळाचा खडा.
ओढला वर, पार पाखराच्या पायांपर्यंत.
"ह्याला शिंकाळं म्हणत्यात," हत्तुरे म्हणाले,
"आमच्यात मांजरासाठी असायचं."

"हे आपल्यासाठी नाही," रेवती गाठ आवळत म्हणाली.
"एकदा भाकरीची चव लागली
की ते वस्तीवर येतं,
आणि वस्ती येते काठ्या घेऊन."

मी मान हलवली.
माझ्या उशाला शेंगाचटणीची पुडी होती,
पहाटेच्या पाळीसाठी.
एवढीशी. पेपरात बांधलेली,
तेलानं अक्षरं आरपार झालेली.

पौर्णिमेची मोजणी. पाणवठ्यावर
रात्रभर काळवीट, ससे, एक खोकड.
दोन वाजता माझी पाळी संपली,
मी झोपले.

उजाडताना हत्तुरे उकिडवे बसून
माती वाचत होते.
खांबाभोवती ठशांचा एक फेरा.
एकच. वर बघून सोडून दिलेला.
मग तिथून सरळ, कुठंही न रेंगाळता,
माझ्या उशापर्यंत.
"कोल्हं. हितं बसलं हुतं," ते म्हणाले.
"लई येळ."

पुडी जागेवर होती.
कागदाला ओल. दवाची असेल.

रेवतीनं काही विचारलं नाही.
तक्ता माझ्यापुढं सरकवला फक्त.
मी लिहिलं :
प्राणी, कोल्हा. संख्या, एक.
वेळ, माहीत नाही.
अंतर या रकान्यापाशी पेन अडलं.
मग लिहिलं, एक वीत,
आणि पुडी तिच्या हातात दिली.