मर धरून

पिशवी दीड रुपया.
माती फुकट, म्हणतात लोक,
पण गिरणेची गाळमाती ट्रॉलीने येते
आणि ट्रॉलीवाला तिला फुकट म्हणत नाही.
शेणखत, थोडी राख, झिपरूची हजेरी,
बोअर आटल्यावर दिवसाआड टँकर,
आणि हिरवी जाळी, जी एक वर्षाआड
वैशाखातल्या वावटळीत उडून
एरंडोलच्या दिशेने निघून जाते.
हे सगळं मांडलं की मोगऱ्याचं रोप
मला पडतं अकरा रुपयांना.

मग मर धरायची.
शंभर काड्या लावल्या तर साठ फुटतात.
त्यांतली बारा मे महिना खातो,
चार शेजारच्या शेळ्या.
गेलेल्यांचं भाडं उरलेल्यांनी भरायचं :
अकराचे होतात पंचवीस.
वर माझे पाच.
एवढं गणित पाटीवर मावत नाही.
पाटीवर फक्त, मोगरा ३०.

तेही खरं नाही.
रस्त्यापलीकडे सुकलाल महाजनांची नर्सरी.
सकाळी पाणी मारता मारता ते ओरडतात,
"वहिनी, आज मोगरा काय?"
मी म्हणते अठ्ठावीस. ते म्हणतात, मीपण.
आणि दुपारी पंचवीसने देतात.
मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्यांनाही.
आंध्राचा ट्रक उतरतो त्या दिवशी मात्र
आम्ही एकाच बाकावर बसून चहा पितो,
साखर कमी झाली तरी बोलत नाही.
ट्रकातला गुलाब फुलासकट वीस रुपये.
आमच्या उन्हात आठ दिवस निघणार नाहीत त्याचे,
पण आठ दिवसांनी विचारायला येतं कोण?

"कितला रुप्या?"
कडीपत्ता, तीस.
"कसाले इतला? मन्हा वावरमा फुकट उगस."
मग वावरातला का नाही आणत, हे मी विचारत नाही.
म्हातारी पिशवीतली माती अंगठ्याने दाबून बघते,
खालचं पान उलटं करते.
तिला वीसला देते. त्या हातात रोप मरत नाही.
गाडीतून न उतरता, काच बोटभर खाली करून
विचारणाऱ्याला चाळीस.
दोघांची बेरीज साठ, भागिले दोन,
म्हणजे पाटी खोटं बोलत नाही.

कोपऱ्यात बकुळ होती. आहे.
पाच वर्षं कोणी घेतली नाही,
हळू वाढणाऱ्या झाडाला गिऱ्हाईक नसतं.
तीनदा पिशवी बदलली, चौथ्यांदा राहून गेलं,
आणि एका हिवाळ्यात मुळाने पिशवी फोडून
खालची जमीन धरली.
मी तिच्या सावलीत खुर्ची टाकली.

चैत्रात कासोद्याचा एक रिटायर वायरमन आला.
मोगरा बघितला नाही, गुलाब बघितला नाही.
"हिचं काय?"
जावा म्हणून मी म्हटलं, बाराशे.
घासाघीस नाही. मोबाइल काढला,
आणि टेबलावरचा डबा बाईच्या आवाजात बोलला :
एक हजार दोनशे रुपये प्राप्त झाले.
झिपरू फावडं घेऊन उभाच.
मी म्हटलं, या उन्हात मूळ तोडलं तर जाईल.
पोळा झाल्यावर या.
"मंग आठेच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला,
नंबर लिहून दिला, गाडीला किक मारली.

पोळा झाला. दसरा झाला.
वहीत लिहिलंय, बकुळ, विकली, १२००.
रोजचं पाणी कोणाच्या खात्यात घालू?
सुकलाल विचारतात,
"बाराशेला गेली म्हणे? मग दिसते कशी?"
परवा एक बाई दोन हजार द्यायला तयार होती.
मी म्हटलं, गेलेली आहे ती,
आणि खुर्ची थोडी बाजूला ओढली.

संध्याकाळी नंबर लावते.
वाजतो. उचलत कोणी नाही.
समोर कासोद्याची बस थांबते,
दोघं-तिघं उतरतात, रस्ता ओलांडून येतात,
कडीपत्त्याचा भाव विचारतात.