खणीची वही

टोपच्या वरच्या अंगाला जी खण आहे
तिच्या तळाशी माझ्या ड्रिलच्या खुणा आहेत.
ऊन माथ्यावर आलं की दिसतात,
बोट घालून मोजाव्यात इतक्या स्पष्ट.
एका रात्रपाळीत दगडातून पाणी लागलं.
तीन दिवस पंप चालले, चौथ्या दिवशी
ठेकेदारानं केबल गुंडाळली नि गेला.
एक ट्रॉली खाली राहिली. अजून आहे.

पाणी एवढं नितळ की लोक पोहायला भितात.
मी त्यात मासे सोडले.

पहिल्या साली रोहूची बोटुकली, दुधाच्या किटलीतून,
एसटीच्या मागच्या सीटवर मांडीत धरून.
कंडक्टर म्हणाला, किटलीचं तिकीट पडंल.
म्हटलं, आत पाचशे जण आहेत, सगळ्यांचं फाड.

दुसऱ्या साली कुणीतरी तिलापी सोडली.
कुणी, ते सापडलं नाही. तिलापी मात्र सापडत राहिली,
पोरांच्या गळाला, बायकांच्या बादलीला, नुसत्या फडक्याला.
पोट खपाटीला, डोकं तेवढं मोठं,
तळहाताच्या पुढं एक वाढेना.
वहीत लिहिलं: तोंडं जास्त, घास तेवढाच.
नंतर वाचलं तर वाटलं,
हे आमच्या घरातल्या पाच भावांबद्दलच लिहिलंय.

मग भोगावतीवरनं मरळी आणल्या. बारा. ओल्या पोत्यात.
मरळ हवा पिऊन तग धरते.
शिये फाट्यापर्यंत पोतं माझ्या गुडघ्याला हिसके देत होतं.

शेजारचा भूपाल उपाध्ये मासा शिवत नाही,
पण बांधावर उभा राहून मोजतो.
म्हणाला, "लगा यल्लाप्पा, माशाला खायला मासाच आणलास?"
"व्हय."
"मग पाप कुणाच्या खात्यावर?"
वहीत तेवढा रकाना नव्हता.

दोन वर्षांत तिलापी उणावली, उरलेली अंगानं भरली.
नियम केला: वीतभर असंल तर ने, हातभर असंल तर सोड.
लोक हसले. हसू देत.
हातभर मासा परत पाण्यात सोडताना
माणसाचं तोंड बघण्यासारखं असतं.

नितळ पाण्यात गळ टाकणं म्हणजे
जागत्या घरात चोरीला जाणं.
माशाला आधी तू दिसतोस, मग तुझी सावली,
मग दोरी, आणि आमिष सगळ्यात शेवटी.
पांढरा सदरा नको. उभं राहू नको.
ऊन तोंडावर घे, सावली मागं पडू दे.
आणि विडी पेटवायची असली तर घरी जा.

आषाढ सरता सरता पाण्यावर लाल गोळा दिसतो,
चटणीची वाटी उपडी झाल्यागत.
ती मरळीची पिल्लं. गोळा सरकेल तशी
खालनं आई सरकते. किंवा बाप.
वरनं कळत नाही.
तेव्हापासून महिनाभर गळ बंद.
पुढं श्रावण असतो, म्हणून गाव ऐकतं.

गेल्या गटारीला इचलकरंजीचा जावई आला.
घरात सांगून बसलो होतो, आज मोठा मासा.
दिवसभर काही लागलं नाही.
मला लाल गोळा कुठं आहे ते ठाऊक होतं.
मलाच ठाऊक होतं.

बेडूक गोळ्याच्या कडेला टाकला.
दुसऱ्या दमाला दोरी ताणली.
वर घेतली. हातभर, काळीशार, डोळा माझ्यावर.
आणि खाली, त्या नितळ पाण्यात, सगळं दिसलं:
ट्रॉलीच्या आडनं, कपारीतनं, माझ्याच ड्रिलच्या खुणांवरनं
तिलापी निघाली. चारी बाजूंनी. सावकाश.

गळ सोडवताना माझं बोट फाटलं.
सोडली. ती पळाली नाही,
सरळ गोळ्याखाली गेली.
थोड्या वेळानं चटणी परत जमली.
अर्धी वाटी असंल.

भूपाल बांधावर होता.
त्यानं त्या दिवशी मोजलं नाही.

वहीत तारीख घातली.
वजन: केलं नाही.
शेरा: भुकेनं आली नव्हती.

जावयाला अंड्याची आमटी वाढली.
दोनदा मागून घेतली, बिचाऱ्यानं.